गार पाण्याची परीक्षा

११ जानेवारी

प्रिय दादा,

परवा फोनवर मी घसा फोडून "इंजिन, इंजिन" म्हणत होते आणि तू पलीकडून "हो हो, इथेही गारवा आहे" म्हणालास, तेव्हाच ठरवलं की आता पत्रच लिहायचं. कागदाच्या कारखान्यातल्या बॉयलरने तुझे कान खाल्ले, डोळे तरी जागेवर आहेत ना? मग नीट वाच, कारण मी एक भलतंच काम अंगावर घेतलंय.

आमच्या गल्लीच्या टोकाला मुलांचं वाचनालय आहे. तिथे काचेच्या कपाटात एक खेळण्यातलं वाफेचं इंजिन कैक वर्षं धूळ खात पडलंय. कोणी दिलं, कधी दिलं, कोणालाच आठवत नाही. दुधाच्या छोट्या डब्याएवढा पितळी बॉयलर आडवा ठेवलेला, खाली स्पिरिटचा दिवा, शेजारी एकच सिलिंडर आणि लाल रंगाचं जड चाक. सगळं एका लोखंडी पाटावर बसवलंय. वाचनालयाचं छप्पर गळतंय, म्हणून अध्यक्षांनी ते इंजिन जुन्या वस्तू घेणाऱ्या एका माणसाला विकायचं ठरवलं. मी पुस्तक बदलायला गेले होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "विकू नका, मी ते चालू करून देते."

झालं! ग्रंथपाल बाईंनी ते वाक्य असं काही झेललं की मला मागे फिरता येईना. आता समितीचा ठराव असा की एप्रिलमध्ये वाचनालयाचा वर्धापनदिन आहे, त्या दिवशी इंजिन मुलांसमोर चाललं तर कायमचं वाचनालयात राहील. नाही चाललं तर विकायचं.

आणि मला त्यातलं काय येतं? काही नाही. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या आणि कॅप बनवणारी बाई. शिकायचं म्हटलं तर कुठून? वाचनालयात वाफेवर एकच पुस्तक, शाळेच्या मुलांचं, त्यात झाकण उडणाऱ्या किटलीचं चित्र आहे आणि पुढे थेट आगगाडी. मधलं सगळं गायब! पुस्तकांच्या दुकानदाराला "वाफेबद्दल काही आहे का" विचारलं तर त्याने चेहरा उजळण्याचं पुस्तक काढून दिलं. मोबाइलवर दाढीवाली परदेशी माणसं व्हिडिओत भराभर बोलतात, त्यांच्या मागे अख्खं वर्कशॉप उभं असतं. मी आवाज बंद करून नुसते त्यांचे हात बघते.

मग आठवलं, आपल्या घरात जन्मभर बॉयलर सांभाळलेला माणूस आहे. आत्या म्हणायची, ही पोर हाताला लागेल ते उघडून बघते, आणि तूच माझं नाव खुडबुडी ठेवलंस. आता ते नाव सार्थ करायची वेळ आली. मला शिकव.

तुझी,
खुडबुडी

ता. क. बॉयलरच्या डोक्यावर एक भोक आहे, तिथे कोणीतरी साधा स्क्रू पिळून बसवलाय. तिथे काय असतं?

---

१९ जानेवारी

खुडबुडे,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं तू थट्टा करतेयस.

पहिली गोष्ट. ते खेळणं आहे असं म्हणू नकोस. वाफेला लहानमोठं कळत नाही. माझा बॉयलर एका खोलीएवढा होता आणि तुझा डब्याएवढा, पण दोघांच्या आत तीच बया बसलेली असते आणि तिला बाहेर यायचं असतं.

दुसरी गोष्ट. त्या भोकात सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. दाब वाढला की तो स्वतःहून उघडतो आणि वाफ सोडून देतो. तिथे स्क्रू पिळणारा माणूस मला भेटला असता तर मी त्याचे कान पिळले असते. तो व्हॉल्व्ह असल्याशिवाय खाली काडीसुद्धा ओढायची नाही.

तिसरी गोष्ट. हे काम तू करू नकोस असं माझं मत आहे. खेळण्यातल्या इंजिनांचं मला काही कळत नाही, त्यामुळे मी शिकवू शकत नाही. तुझ्या कवळ्या बऱ्या. कवळी फार तर ताटात पडते, फुटत नाही.

प्रकृतीस जपावे.

दादा

(वहिनी लिहितेय. पाकीट मी चिकटवते म्हणून ही जागा माझी. "मला काही कळत नाही" म्हणणारा माणूस गेले चार दिवस माळ्यावरची ट्रंक उघडून बसलाय. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकृत्या काढणं चाललंय. काल जेवताना मला सेफ्टी व्हॉल्व्ह समजावला, आणि भाजीत मीठ नव्हतं हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. तू लिहीत राहा गं.)

---

२२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं मत मिळालं. आदरपूर्वक बाजूला ठेवलंय.

आता ऐक. मला गुरू सापडले, फक्त ते एका जागी नाहीत. जुनी छोटी इंजिनं दुरुस्त करणाऱ्यांचा इंटरनेटवर एक मेळावा आहे, तिथे मी धीर करून प्रश्न टाकला. उत्तरात एका आजोबांनी उलटा प्रश्न विचारला: "तुम्हाला ते नवं दिसायला हवंय की जुनंच राहून चालायला हवंय?" दादा, या एका प्रश्नासाठी मी कुठल्याही शाळेची फी भरली असती. मी तर पॉलिशचा ब्रश हातात घेऊन तयारच होते! चाकाचा लाल रंग खरवडून काढणार होते. हात आवरला. रंग जुनाच ठेवलाय, फक्त कोमट साबणपाण्याने मळ काढला. कोणाच्या तरी बोटांनी एका जागी तो रंग झिजलाय, तीही जागा तशीच ठेवली.

त्याच आजोबांकडून सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्याचा पत्ता मिळाला. त्यांनी भोकाचं माप मागवलं. मी ते दंतवैद्यांच्या कॅलिपरने घेऊन पाठवलं, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह टपालाने आला. हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, आत केसाएवढी स्प्रिंग. लॅबमधल्या सगळ्यांनी तळहातावर घेऊन बघितला.

आता माझी मर्दुमकी. सिलिंडर पुढेमागे डुलतो आणि त्याची सपाट बाजू दुसऱ्या सपाट पत्र्यावर घासते, तिथूनच वाफ आत जाते आणि बाहेर पडते, हे मी व्हिडिओ थांबवून थांबवून समजून घेतलं. त्या दोन बाजूंवर चरे पडले होते. म्हणजे तिथून सगळी वाफ पळणार. मग काचेचा तुकडा घेतला, त्यावर कवळीला लावतो ती बारीक पूड पाण्यात कालवून पसरली आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखं घासत बसले. जन्मभर लोकांच्या दाढा एकमेकींवर चपखल बसवल्या, दोन पत्रे बसवायला मला कोणी शिकवायला नको! आता एकावर एक ठेवून वरचा उचलला तर खालचा चिकटून वर येतो.

बॉयलरच्या एका टोकाच्या जोडाला केसासारखी चीर होती. तीही मी कथलाचा डाख लावून बुजवली. इतकी साफ की शोधून सापडणार नाही.

छापील कार्यक्रमपत्रिका आली. "वाफेच्या इंजिनाचे प्रात्यक्षिक" आणि खाली माझं नाव. खरं सांगू, ती पत्रिका मी आरशापाशी लावून ठेवलीय.

खुडबुडी

---

१ मार्च

खुडबुडे,

घासकाम उत्तम. ती पूड सगळी धुऊन काढ, कणभर राहिली तरी सिलिंडर खाईल.

पण इंजिन पेटवायचं नाही.

कथलाचा डाख चिरेवर पसरला म्हणजे जोड झाला नाही. ते जखमेला पीठ लावल्यासारखं आहे. पाणी संपून बॉयलर कोरडा तापला तर कथील वितळतं, आणि दाब आला तर त्याआधीच सुटतं. समोर मुलं बसणार आहेत ना?

चिरेची परीक्षा आगीने घेत नाहीत, गार पाण्याने घेतात. बॉयलर काठोकाठ भरायचा, आत हवेचा बुडबुडासुद्धा नको. मग हातपंपाने पाणी ढकलून दाब चढवायचा, चालताना असतो त्याच्या दुप्पट. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे जोड गेला तर नुसता थेंब येतो. वाफेत गेला तर काय येतं ते मला तुला सांगायचं नाही.

हे होईपर्यंत वर्धापनदिन गेला खड्ड्यात. कळव त्यांना.

दादा

---

७ मार्च

दादा,

दोन महिने मी राबतेय आणि तुझ्या पत्रात "उत्तम" हा एक शब्द, पुढे सगळं "नाही, नाही, नाही."

कारखान्यात तू किती मुलांना तयार केलंस. ती तुझ्याबद्दल बोलताना आदराने कानाला हात लावतात, मी पाहिलंय. त्यांच्या हातात तू फावडं दिलंस, दाब मोजायचा गेज दिला, चूक करायची मोकळीक दिलीस. मी मागितलं तर "तुझ्या कवळ्या बऱ्या." मी दात बनवते म्हणून? बाई म्हणून? की तुझ्या राज्यात कोणी यायचं नाही म्हणून?

हातपंप म्हणे. तो काय भाजीबाजारात मिळतो? मी इथे विचारून विचारून थकले, सगळे सायकलचा पंप दाखवतात.

डाख मी लावलाय. माझ्या हातचं काम आहे, मला त्याचा भरवसा आहे. ठरल्या दिवशी इंजिन चालेल.

खुडबुडी

---

१५ मार्च

प्रिय खुडबुडे,

मी वहिनी. हे पत्र तुझ्या दादाला ठाऊक नाही, आणि ठाऊक झालं तरी त्यांना ओरडा ऐकू येत नाही नि मला ओरडायचा कंटाळा येत नाही, तेव्हा जमेल आमचं.

तुझं पत्र त्यांनी दिवसभरात तीनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून म्हणाले, "मी जाऊन येतो." कान गेल्यापासून हा माणूस एकटा कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा जात नाही. कोणी काही विचारलं आणि भलतंच उत्तर दिलं तर लोक हसतील, ही धास्ती. पूर्वी शंभर माणसांत आवाज चालायचा ना, म्हणून जास्तच लागतं. मी म्हटलं, मी येते. तर हातानेच नको म्हणाले.

दोन बस बदलून जुन्या कारखान्यात गेले. फाटकावरचा पहारेकरी नवा, तो आत सोडेना. काय बोलणं झालं देव जाणे, ह्यांना ऐकू आलं नसणार आणि त्याला ह्यांचं ओरडणं सहन झालं नसणार. शेवटी आतून जुना फिटर धावत आला. गेज तपासायचा छोटा हातपंप स्टोअरमध्ये पडला होता, तो ह्यांनी मागून घेतला. परत आले तेव्हा पंप पिशवीत, पिशवी खांद्यावर, इस्त्रीच्या शर्टाला ग्रीसचा डाग, आणि चेहरा असा की लग्नाच्या दिवशीसुद्धा मी तसा पाहिला नव्हता.

त्यांनी पंपाचं वॉशर बदललंय. पार्सल आज गेलंय. आत चिठ्ठीसुद्धा नाही, कारण "तिला राग आलाय, आता काय लिहू" म्हणाले.

मुलांना शिकवलं ते खरं, पण मुलं समोर असायची. चुकली तर हात धरता यायचा. तू इतक्या लांब. एवढंच आहे गं ते. बाई नाही नि दात नाही.

तुझी,
वहिनी

---

१३ एप्रिल

प्रिय दादा,

आधी पंपाची पोच देते, बाकीचं तुला बसून वाचावं लागेल.

पार्सल उघडलं आणि लगेच पंप बॉयलरला लावायला बसले. तुझा पंप आणि माझा बॉयलर यांचे आटे जुळत नव्हते, म्हणून लेथवाल्याकडून मधला तुकडा करून घेतला. त्यातच इतके दिवस गेले की वर्धापनदिनाची सकाळ उजाडली. लॅबमध्ये दातांचे साचे बाजूला सारले, बॉयलर काठोकाठ भरला, टिचक्या मारून बुडबुडे काढले आणि दांडा दाबला. पंपावरच्या गेजचा काटा हलला. आणखी दाबला. नेहमीच्या दाबापर्यंतसुद्धा पोचला नव्हता, आणि माझ्या त्या शोधून न सापडणाऱ्या डाखातून सुईसारखी धार निघून समोरच्या भिंतीवर गेली.

मी खुर्चीत बसले. ती धार वाफेची असती तर तिच्यासमोर पहिल्या रांगेतली मुलं असती.

पण संध्याकाळी हॉल भरणार होता. काय सांगायचं? तब्येत बरी नाही, वात ओली झाली, स्पिरिट मिळालं नाही, सगळी निमित्तं डोक्यात येऊन गेली. मग मी इंजिन, पंप आणि पाण्याची बादली उचलली आणि गेले.

हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. ग्रंथपाल बाई नव्या कपड्यांत. अध्यक्ष पहिल्या रांगेत मधोमध, त्यांचा प्रवासी गाड्यांचा धंदा आहे, माणूस एकदम शिस्तीचा. माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "आज इंजिन चालणार नाही."

मागे कोणीतरी बिस्किटाचा पुडा उघडत होतं, त्याचा हात तिथेच थांबला.

अध्यक्ष म्हणाले, "बाई, ठराव काय झालाय माहीत आहे ना?"

"माहीत आहे. पण का चालणार नाही ते मला मुलांना दाखवायचंय. पाच मिनिटं द्या."

मुलांना पुढे बोलावलं. बॉयलर भरला, तू लिहिलंस ते सगळं त्यांना सांगितलं, आगीऐवजी गार पाणी का, बुडबुडा का नको. एका मुलीला काटा वाचायला उभं केलं. ती मोठ्याने आकडे म्हणत गेली, मी दांडा दाबत गेले, आणि धार सुटली ती थेट अध्यक्षांच्या शर्टावर! मुलं किंचाळून हसली. मी मात्र हसले नाही. म्हटलं, "हा जोड मी केलाय. मला वाटलं होतं फार छान झालाय. माझ्या भावाने तपासायला लावलं म्हणून हे पाणी आहे. नाहीतर उकळती वाफ असती."

अध्यक्ष उठले. मला वाटलं, गेलं इंजिन. त्यांनी रुमालाने शर्ट टिपला, बॉयलरजवळ येऊन ती चीर वाकून बघितली आणि समितीकडे वळून म्हणाले, "माझ्याकडे गाड्या आहेत. ब्रेकचा संशय आला तर गाडी फलाटावरून न काढणारा ड्रायव्हर मिळायला नशीब लागतं. इंजिन बाईंकडेच राहू द्या. छपराचं मी बघतो." मग मला विचारलं, "किती दिवस लागतील?"

"माहीत नाही. तपासणीत पास झालं की सांगेन."

"ठीक," म्हणाले आणि जाऊन बसले.

दादा, माझं इंजिन सगळ्यांसमोर नापास झालं. आणि घरी येताना मी मान ताठ ठेवून आले. असं कसं?

मागच्या पत्रात जे लिहिलं ते सगळं मागे घेते. कोणाला सांगू नकोस, पण पत्र वाचून रडलेही होते. कुठलं पत्र ते विचारू नकोस.

खुडबुडी

---

२० एप्रिल

प्रिय खुडबुडे,

कुठलं पत्र ते विचारत नाही. घरात दोनच माणसं आहोत.

तुझं पत्र आलं तेव्हा मी अंगणात उभा होतो, उभ्यानेच वाचलं. मग आत जाऊन हिला वाचून दाखवलं. शर्टावर धार गेली तिथे मी इतका हसलो की शेजारचा कुंपणाशी येऊन विचारून गेला.

तू विचारलंस, असं कसं. सांगतो. एकदा हिवाळ्यात मी बॉयलर पेटवायला नकार दिला होता. एका नळीचा आवाज मला पटला नव्हता. तेव्हा कान होते. मालक समोर उभे, मोठी ऑर्डर अडकलेली, पूर्ण कारखाना बंद, कामगार माझ्याकडे रागाने बघतायत. मी म्हणालो, "चावी तुम्ही घ्या, पण माझ्या हाताने काडी ओढली जाणार नाही." नळी उघडली तर आतून कागदासारखी पातळ झाली होती. बदलली आणि काम सुरू झालं. त्याबद्दल कोणी हार घातला नाही. जे घडलं नाही त्याचा सत्कार कसा करणार? पण मी त्या संध्याकाळी अशीच मान ताठ ठेवून घरी आलो होतो, आणि आजवर हे कोणाला समजावून सांगता आलं नव्हतं. तुझ्या पत्रात ते मला लिहिलेलं सापडलं.

मी आयुष्यात पुष्कळ माणसं तयार केली. नापास झालेलं स्वतःचं काम भरल्या हॉलमध्ये दाखवणारं त्यात कोणी नव्हतं, मीही नाही. मला तुझा अभिमान वाटतो. हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला, तेव्हा जपून ठेव.

आता कामाचं. कथील पूर्ण काढ, कणभरही ठेवू नकोस. तिथे चांदीचा डाख हवा, तो लाल तापवल्याशिवाय वितळत नाही. ते मला येत नाही, माझ्याकडे सगळं वेल्डिंग असायचं. जाणकार शोध. आणि त्यानंतर पुन्हा गार पाणी.

दादा

---

९ जून

प्रिय दादा,

जाणकार माझ्या नाकासमोर होती! आमच्या लॅबच्या खालीच एक सोनारीण बसते, मी रोज तिच्या दुकानावरून जिना चढते. तिला बॉयलर दाखवला. तिने तो बांगडी बघावी तसा फिरवून बघितला आणि म्हणाली, "एवढी जाड बांगडी कोणाची?"

पण हात मात्र लावू दिला नाही तिने. आधी तिच्याकडे तांब्याच्या पट्ट्यांचे जोड करायला लावले. डाख नीट पसरावा म्हणून जोडाला टाकणखार कसा लावायचा, ज्योत जोडावर न मारता आजूबाजूला कशी फिरवायची. "डाख उष्णतेकडे धावतो, तुझ्या घाईकडे नाही," हे तिचं वाक्य. पहिल्या पट्ट्या वाकड्या, दुसऱ्या जळक्या. वीस-बावीस पट्ट्या फुकट घालवल्यावर ती म्हणाली, "आता आण तुझी बांगडी." चांदी वितळून जोडाभोवती एका झटक्यात पळाली ना, दादा, पाण्यात सूर्य चमकावा तशी! मी ओरडलेच.

मग तुझा पंप. दुप्पट दाब. मी आणि सोनारीण काट्याकडे बघत बसलो. चहा मागवला, प्यायलो, काटा तसाच. रुमाल जोडावरून फिरवला, कोरडा.

आणि काल वाचनालयात ते चाललं.

समारंभ नाही, काही नाही, साधी शनिवारची दुपार. पाणी पाऊण भरलं, दिवा लावला. पाणी बोलायला लागलं. सेफ्टी व्हॉल्व्हने फुस्स करून हजेरी दिली. मी चाकाला बोटाने धक्का दिला, एकदा अडखळलं, दोनदा अडखळलं, आणि मग असं सुटलं की चाकाचे आरे दिसेनात. ग्रंथपाल बाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की अजून दुखतोय. काटा वाचणारी ती मुलगी शेवटी म्हणाली, "हे त्याचं त्याचं चालतंय!" मी म्हटलं, "हो गं. त्याचं त्याचं."

आता जे मला शोधूनही सापडलं नव्हतं ते मी कपाटाशेजारी एका फायलीत लावतेय. भाग कुठून मागवायचे, काय घासायचं, काय अजिबात घासायचं नाही, सोनारणीची युक्ती, आणि तुझी गार पाण्याची परीक्षा, तुझ्याच शब्दांत. आत्ताच दोघेजण आपापल्या माळ्यावरची इंजिनं घेऊन आलेत. एकाच्या भोकात तर चक्क खिळा आहे!

मुलांना तुला भेटायचंय. "कानाने ऐकू येत नाही त्यांना" म्हटलं तर म्हणाली, मग आम्ही प्रश्न लिहून आणू. ये ना.

खुडबुडी

---

३ जुलै

प्रिय खुडबुडे,

सुखरूप पोचलो. हिला प्रवासात खिडकी मिळाली, मला तीच तीच गोष्ट सांगायला ही मिळाली.

तुझ्या मुलांनी चिठ्ठ्यांचा ढीग लावला. "तुम्हाला वाफेची भीती वाटते का?" असं एकीने विचारलं. मी म्हणालो, रोज वाटायची, म्हणून तर सगळे रोज घरी गेले. इतक्या वर्षांत मी एवढ्या लोकांत एवढा वेळ बोललो नव्हतो, आणि कोणी हसलं असेल तर मला कळलं नाही. बरंच झालं.

तू मला बाजूला घेऊन बॉयलरवर माझी खूण ठोकायला सांगितलीस आणि मी नाही म्हणालो, तेव्हा तुझा चेहरा पडला. कारण सांगायचं राहिलं. बॉयलर तपासून पास केला की त्यावर तपासणाऱ्याची खूण ठोकतात. ती मानाची नसते, जबाबदारीची असते. उद्या काही झालं तर कोणाला धरायचं, ते सांगणारी. हा बॉयलर तू जोडलास, तू नापास केलास, तूच पास केलास. मी फक्त पाहुणा म्हणून आलो आणि पुन्हा एकदा दाब चढवून बघितला. दोष काढायला आलो होतो, सापडला नाही.

तेव्हा खूण तुझीच ठोक.

दादा

---

१२ जुलै

प्रिय दादा,

ठोकली. सोनारणीने पोलादी ठसा कोरून दिला, मी हातोडी मारली. बॉयलरच्या पाटाच्या कडेला, बाजूला तारीख. अक्षरं नकोत म्हटलं, अक्षरं काय कोणीही ठोकतं. फोटो सोबत आहे, भिंग घेऊन बघ. ती दाढ आहे.

खुडबुडी

---

२१ जुलै

प्रिय खुडबुडे,

फोटो मिळाला. दाढ ओळखू आली. एक मूळ किंचित वाकडं आहे.

कारखान्यातल्या जुन्या माणसांची महिन्यातून एकदा बैठक असते, मी इतकी वर्षं जात नव्हतो. परवा गेलो. फोटो टेबलावर ठेवला. हातोहात फिरला. माझ्या वेळचा फिटर चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिला, मग त्याने माझ्यापुढे कागद ओढून लिहिलं, "असा शिक्का कधी बघितला नाही. कुठल्या इन्स्पेक्टरचा?"

मी कागदावर लिहिलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आमच्या घरातल्या."

दादा